लागेल कधीतरी

आमच्या सदाशिव पेठेतल्या घरातली हत्यारांची पेटी म्हणजे साठे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. बिस्किटं कुणी संपवली ते आजोबांनाच ठाऊक. डब्यात आता पक्कड, कानस, गिरमिट, दांडा सैल झालेली हातोडी आणि मूठभर बेवारस स्क्रू नांदतात.

नळ गळायला लागला की डब्यात नटबोल्ट हवे तेवढे मिळतात, वायसर तेवढा मिळत नाही. मग बोहरी आळी गाठायची. दुकानदार "कितीचा?" एवढंच विचारतो, आणि आपल्याला नेमकं तेवढंच सांगता येत नाही. बोटांचं वर्तुळ करून दाखवावं, तर "नमुना आणा" म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. नमुना नळात, नळ घरात आणि घरातलं पाणी खालच्या मजल्यावर!

डब्यातला मानकरी मात्र चेतकचा प्लगपाना. 1972 साली बाजारात आलेली ही आकुर्डीची स्कूटर बाबांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून मिळवली. रस्त्यात बंद पडली की आधी एका अंगावर कलती करायची, मग प्लग काढून काजळी घासायची, फुंकर मारायची आणि किक. यातल्या नेमक्या कशानं ती सुरू होते हे शेवटपर्यंत कळलं नाही; त्यामुळे सत्यनारायणासारखं यातलंही काही गाळायची सोय नव्हती. यथावकाश स्कूटर भंगारात गेली, पाना राहिला. 2020 मध्ये चेतक परत आली ती विजेवर चालणारी. तिला प्लगच नाही. हे बाबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "असू दे. लागेल कधीतरी."

खंडेनवमीला हा डबा पाटावर बसतो. आई हळदकुंकू वाहते, वर झेंडूचं फूल. मागच्या वर्षी पूजा आटोपते न आटोपते तोच वरच्या मजल्यावरचे काका दारात.

"वहिनी, जरा हातोडी मिळेल?"

"अहो, आज हत्यार वापरायचं नसतं!"

"वापरतोय कोण? पूजेलाच हवीय. आमच्याकडे एकही नाही. सगळं त्या मोबाइलवरून बोलावलेला माणूस येऊन करतो. त्याला कसं पाटावर बसवू?"

आईने कुंकवासकट हातोडी दिली, आणि काकांच्या देखतच उसनवारीच्या वहीत नोंद केली.