वऱ्हाडातील तीन काळ

मराठीचा प्राध्यापक सेवानिवृत्त झाला, म्हणजे त्याच्या विद्वत्तेचा उपयोग समाजाला खऱ्या अर्थाने सुरू होतो, असा अमरावतीकरांचा दृढ समज असल्याने, लग्नपत्रिका, मानपत्रे, गणेशमंडळांची निवेदने आणि क्वचित भाऊबंदकीच्या दाव्यातील कैफियतीसुद्धा माझ्या ओसरीवर नियमाने येऊन पडतात. परंतु या सर्वांत वजनाने आणि धास्तीने भारी अशी जी एक वस्तू येते, ती म्हणजे बांधणीला जाण्यापूर्वीचा शोधप्रबंध. ‘सर, जरा शुद्धलेखन पाहून द्या,’ एवढीच माफक मागणी त्यासोबत असते. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मी आनंदाने सुधारतो, कारण वेलांटी चुकल्याने आजवर कोणाचा जीव गेल्याचे ऐकिवात नाही. जीव जातो तो काळाने.

काही महिन्यांपूर्वी एक तरुण डॉ. पंजाबराव देशमुखांवरील प्रबंधाचे टंकलिखित घेऊन आला. विषय थोर आणि मुलगा कष्टाळू. ज्या भाऊसाहेबांनी स्वतः ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्मविचारावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली, त्यांच्यावर त्यांच्याच जिल्ह्यातील मुलाने प्रबंध लिहावा, या योगायोगाचे मला कौतुक वाटत असतानाच, चरित्राचे प्रकरण उघडले गेले आणि त्यात पुढील मजकूर दृष्टीस पडला: ‘27 डिसेंबर 1898 रोजी पापळ येथे भाऊसाहेबांचा जन्म होतो. ते उच्च शिक्षणासाठी विलायतेस गेले. तेथे ते बॅरिस्टर होत असून प्रबंधही लिहितील. 1952 साली ते केंद्रात कृषिमंत्री असत. 10 एप्रिल 1965 रोजी त्यांचे निधन होत आहे.’

शेवटचे वाक्य वाचून मी खुर्चीवरून अर्धवट उठलो. निधन अद्याप ‘होत’ असेल, तर धावपळ करून एखादा निष्णात वैद्य गाठता येईल, अशी आशा कोणाही सहृदय वाचकाच्या मनात उत्पन्न व्हावी, इतके ते वाक्य ताजे होते.

मी त्या तरुणाला कारण विचारले. तो संकोचला नाही. ‘वाचणाऱ्याले डोयापुढं घडून रायलं असं वाटलं पायजे न जी,’ तो म्हणाला.

उत्तर अगदीच टाकाऊ नव्हते. गतकाळातील प्रसंग वर्तमानकाळात सांगून तो समोर उभा करण्याची रीत जुनी व प्रतिष्ठित आहे, आणि कीर्तनकाराने ‘महाराज गड उतरतात’ म्हटले की श्रोत्यांपैकी कोणी घड्याळाकडे पाहत नाही. मात्र कीर्तनकार महाराजांना वर्तमानकाळात गडावरून उतरवून, भूतकाळात घोड्यावर बसवून, भविष्यकाळात मुक्कामी पोचवीत नाही. ज्या काळाचे बोट धरून निघाला, त्याच काळासोबत तो मुक्काम गाठतो.

पण मला त्या मुलाच्या ‘घडून रायलं’ या शब्दांनीच अधिक विचारात पाडले. पुण्याचा मनुष्य ‘मी येत आहे’ म्हणतो, त्या जागी आम्ही वऱ्हाडी लोक ‘मी येऊन रायलो’ म्हणतो. आता हा ‘रायलो’ म्हणजे ‘राहिलो’; त्याचा पेहराव शंभर टक्के भूतकाळाचा आणि नेमणूक मात्र चालू वर्तमानकाळात. शेजारच्या हिंदीने हाच प्रकार करताना ‘रहा’च्या पाठीशी ‘है’ किंवा ‘हूँ’ उभा करून वर्तमानाची निदान हजेरी तरी लावली आहे. आमच्या बोलीने तो जामीनही अनावश्यक ठरविला. जन्मल्यापासून ज्याचा पाऊस ‘येऊन रायला’, ज्याची आई स्वयंपाक ‘करून रायली’ आणि जो स्वतः अभ्यास ‘करून रायला’, त्याच्या लेखी भूत आणि वर्तमान यांच्यामधली भिंत मुळात बांधलेलीच नसते, आणि एके दिवशी विद्यापीठाची नोंदणी होताच त्याने ती एका रात्रीत उभारावी, अशी अपेक्षा करणे कठोरपणाचे आहे. परतवाड्यास जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांनी ‘पूर्णामायची लेकरं’मध्ये आणि उद्धव शेळके यांनी ‘धग’मध्ये या बोलीला साहित्यात मानाचे पान वाढले, आणि तिथे ती अगदी शोभून दिसते. प्रबंधात तीच बोली प्रमाण मराठीचा कोट चढवून येते, आणि मग कोटाच्या बाह्या कोणत्या काळात घालायच्या, याचा तिला उलगडा होत नाही.

शिवाय या प्रांताचा इतिहासच असा, की काळाबद्दल निश्चित विधान करण्याची येथील दप्तराला सवय लागू नये. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. मालकी निजामाची राहिली, अंमल इंग्रजांचा झाला. 1902 साली वर्षाकाठी पंचवीस लाख रुपयांच्या बोलीवर तोच मुलूख ‘कायमच्या’ पट्ट्याने देण्यात आला आणि पुढल्याच वर्षी मध्यप्रांताच्या कारभाराला जोडला गेला. 1936 साली तर निजामाच्या वारसाला ‘वऱ्हाडचा राजपुत्र’ हा किताब मिळाला, ज्या काळात अकोल्याच्या कचेरीत त्या राजपुत्राला कुत्रेही विचारत नव्हते. पुढे 1956 साली आम्ही मुंबई राज्यात आलो आणि 1960 साली महाराष्ट्रात. कायमचा पट्टा अर्धशतकही टिकला नाही. इतक्या अल्पावधीत इतके ‘आहे’ जेथे ‘होते’ झाले, तेथील कारकुनाने कोणत्याही वाक्याचे क्रियापद शक्य तितके लांबणीवर टाकण्याची कला साध्य केली असेल, तर तिला मी राजनीतीच म्हणेन.

ही कला मी माझ्या मामांकडे जवळून पाहिली. ते अकोला जिल्ह्यातील एका तहसील कचेरीत शिरस्तेदार होते आणि त्यांच्या मसुद्यात काळ नावाची वस्तूच सापडत नसे. ‘सदरहू अर्जदाराचा अर्ज या कार्यालयास प्राप्त झालेला असून, त्यासोबत जोडावयाचे कागद जोडलेले नसून, मौजे मजकूरचे पटवारी रजेवर असल्याने, व प्रकरण विचाराधीन असल्याकारणाने’ अशा थाटात वाक्य निघे, आणि ‘असून’, ‘नसून’, ‘असल्याने’ यांच्या सावलीसावलीने चालत, कोणत्याही काळाच्या उन्हात न येता, पान उलटून पलीकडे जाई. अखेरीस, अगदी नाइलाज झाला म्हणजे, ‘कळविण्यात येत आहे’ एवढे क्रियापद अवतरे. त्यातही कळविणारा कोण हे गुलदस्त्यात, आणि ‘येत आहे’ हे येणे कधी संपणार याला मुदत नाही. ‘मामा, हे एकदाचे कळविले असे का लिहीत नाही?’ असे मी पोरवयात विचारले, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहत उत्तर दिले होते, ‘बाप्पा, कळविले म्हटलं की कोणी कळविले ते विचारतात.’ पुढे 1964 च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा झाली, परिभाषा बदलली, ‘शिरस्तेदार’ गेले, परंतु ‘येत आहे’ मात्र अजून येतच आहे.

आमच्या प्रबंधकारांनी वळण घेतले ते नेमके याच गद्याचे. वास्तविक त्यांनी ते घ्यायला हवे होते अकोल्याच्या माझ्या एका मित्राकडून. 20 ऑक्टोबर 1969 रोजी अकोल्यास कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि हे गृहस्थ आयुष्यभर तेथे कापसावर संशोधन करीत राहिले. साहित्याशी त्यांचा संबंध वर्तमानपत्राच्या पुरवणीपलीकडे नाही, परंतु क्रियापदाच्या काळासंबंधी त्यांच्याइतका काटेकोर मनुष्य मी मराठीच्या प्राध्यापकांतही पाहिलेला नाही. एकदा त्यांच्या टेबलावर एका उमेदवाराचा अहवाल पडला होता. त्यात ‘काळ्या जमिनीत ओलावा टिकून राहतो’ या वाक्यातील ‘राहतो’ त्यांनी तांबड्या पेन्सिलीने खोडून ‘राहिला’ केले होते. मी म्हटले, यात काय मोठेसे? ते म्हणाले, ‘त्यानं एकच हंगाम पाहिला. त्या हंगामात त्या शेतात ओलावा राहिला, एवढंच त्याला ठाऊक. राहतो म्हणायचं असेल, तर अजून दोन वर्षं उन्हात उभं राहा म्हणावं!’

भाषेच्या अभ्यासकाने कान पकडावा असे हे विवेचन होते. जे केले ते भूतकाळात, ‘पेरणी जूनच्या अखेरीस केली’. जे कागदावर समोर आहे ते वर्तमानकाळात, ‘तक्त्यावरून असे दिसते’. जे सदासर्वदा खरे मानायचे तेही वर्तमानात, पण त्याची किंमत मोजून. आणि जे दुसऱ्याने करावयाचे ते ‘करावे’. एकाच परिच्छेदात चारही रूपे सुखाने नांदू शकतात. म्हणजे काळाची सुसंगती याचा अर्थ आरंभापासून अखेरपर्यंत एकच काळ गिरविणे असा नव्हे. काळ बदलला तर तो जगात काही बदलले म्हणून बदलावा, लेखकाला मध्येच जांभई आली म्हणून नव्हे. शेतकऱ्याला अर्थात ही चैन परवडत नाही. त्याच मित्राबरोबर शिवारात गेलो असताना बांधावरचा एक म्हातारा सांगत होता, ‘मी औषध मारून रायलो, अन् अळी बोंड खाऊन रायली.’ यात कोणता काळ सुधारावा, हे त्या तज्ज्ञालाही सुचले नाही, कारण दोन्ही क्रिया खरोखरच चालू होत्या.

याहून निराळे एक दुखणे इंग्रजी शाळेतून आले. इंग्रजीत मुख्य क्रियापद भूतकाळी गेले, की पोटवाक्यालाही बहुधा त्याच्या मागोमाग जावे लागते. मराठीवर अशी सक्ती नाही. ‘मी येतो, असे त्याने सांगितले’ म्हणून आपण मोकळे होतो. बोलणाऱ्याचा काळ बोलणाऱ्यापाशीच राहतो. पण आमचे विद्वान ‘त्याने सांगितले की तो येत होता’ असे लिहितात, आणि तो बिचारा वाटेतच राहतो. एका टंकलिखितात तर ‘गॅलिलिओने प्रतिपादिले की पृथ्वी सूर्याभोवती फिरत होती’ असे वाक्य होते. 1633 साली रोमच्या धर्मन्यायालयाने गॅलिलिओला आपले मत मागे घ्यावयास लावले, हे खरे. परंतु मध्यंतरी पृथ्वी फिरावयाची थांबली, हा शोध धर्मन्यायालयालाही लागला नव्हता.

भविष्यकाळाची कथा तर या सर्वांवर ताण. गेल्या वर्षी एका संस्थेच्या वार्षिक सभेला मी वेळेवर गेलो, म्हणजे अर्थातच फार लवकर गेलो. सभागृहात सतरंजी अंथरणारा गडी आणि चिटणीस एवढेच हजर होते. चिटणीस मान खाली घालून भराभर लिहीत होते. मी डोकावून पाहिले, तो ‘अध्यक्षांनी समयोचित भाषण केले. ठराव सर्वानुमते संमत झाला. सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली’ इथवर इतिवृत्त आलेले. अध्यक्ष त्या वेळी अकोल्याहून निघालेल्या एस.टी.त मूर्तिजापूरच्या आसपास असावेत. मी म्हटले, ‘अहो, हे सारे अजून व्हायचे आहे!’ चिटणीसांनी शांतपणे पान उलटले. ‘सर, दरसाल हेच होते न जी,’ ते म्हणाले, आणि आभारप्रदर्शनही उरकून मोकळे झाले.

व्याकरणदृष्ट्या मला त्यात एकही दोष काढता आला नाही. सारी क्रियापदे भूतकाळी, आरंभापासून अखेरपर्यंत. त्या दिवशी अध्यक्षांची बस बिघडली, ते आले नाहीत, आणि ठरावावरून दोन गटांत चांगलीच जुंपली; तरीही ते इतिवृत्त पुढील सभेत वाचून कायम करण्यात आले.

तेव्हा प्रबंध लिहिणाऱ्या तरुण मित्रांना माझी विनंती एवढीच, की टंकलिखित माझ्याकडे आणण्यापूर्वी एकदा त्यातील केवळ क्रियापदे, बाकी मजकुरावर हात ठेवून, ओळीने वाचून पाहावीत, आणि ती वाचताना चरित्रनायक मरून पुन्हा कृषिमंत्री होत असेल, तर तेवढे घरीच दुरुस्त करावे. भेटीस संध्याकाळी पाचनंतर यावे. उन्हाळ्यात दुपारी एक ते चार मी झोपून रायलेलो असतो.