सुटलेली गाडी

कल्याण स्टेशनात आपली गाडी खोळंबलेली असते, शेजारच्या रुळांवर दुसरी उभी असते, आणि खिडकीत काहीतरी अलगद सरकू लागतं. समोरच्या बाकावरच्या आजी पदर सावरतात, "निघाली बाई एकदाची!" म्हणून हात जोडतात. एवढ्यात पलीकडच्या गाडीचा शेवटचा डबा निघून जातो आणि मागे तोच वडापावचा स्टॉल जागच्या जागी उभा दिसतो. आजींचा नमस्कार वाया गेला असं मात्र मला वाटत नाही. ज्यांची गाडी खरोखर सुटली, त्यांच्या प्रवासाला तो लागू पडला असणार.

आपण चाललो आहोत की थांबलो आहोत, निदान एवढं तरी माणसाला स्वतःबद्दल परस्पर कळायला हवं. पण शरीर त्यासाठी साक्षीदार बोलावतं. डोळ्यांपुढचं सगळं दृश्य एकदम सरकलं की डोळा खुशाल सांगतो, आपणच निघालो. कान जरा जपून बोलतो. त्याच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो आणि वळल्याची वर्दी मेंदूला जाते. एकसारख्या गतीबद्दल मात्र कान अवाक्षर काढत नाही. उलट फुगडी थांबल्यावरही तो द्रव फिरतच राहतो आणि बिचारं अंगण गरगरतं. आगगाडी वळणावर असताना बाहेरची घरं नि झाडं कलती दिसतात, हे भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माखच्या मनात घर करून राहिलं आणि १८७५ साली त्याने गतीच्या जाणिवेवर अख्खं पुस्तक लिहिलं. आज विमानांचा वेग त्याच्या नावाने मोजतात. त्याला अस्वस्थ केलं ते रुळांवरच्या एका वळणाने.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे सांगताना आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, होडीतल्या माणसाचा दाखला दिला: त्याला काठ मागे जाताना दिसतो, तसे आपल्याला स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. वराहमिहिराला हे पटलं नाही. पृथ्वी फिरत असती तर पाखरांना आपली घरटी सापडली नसती, असं त्याचं म्हणणं. आक्षेप चुकीचा खरा, पण विश्वाच्या एवढ्या उलाढालीत ज्याला तिन्हीसांजेला परतणारी पाखरं आठवली, त्या माणसावर रागावणं मला जमत नाही. चालत्या जहाजाच्या बंद खोलीत माश्या आणि फुलपाखरं निर्धास्त उडतात, हे गॅलिलिओने १६३२ साली लिहिलं. कल्याणला खोळंबलेल्या त्या आजीही पृथ्वीबरोबर ताशी १,५०० किलोमीटरहून अधिक वेगाने पूर्वेकडे चाललेल्या असतात; हात मात्र कोणी जोडत नाही.

साक्षीदारांचं भांडण विकोपाला जातं ते घाटातल्या एसटीत. पुस्तकात बुडालेला डोळा म्हणतो, बसलो आहोत. कान म्हणतो, वळणामागून वळण चाललंय. आणि निकाल पोट देतं. तेव्हा वाचकहो, हा मजकूर घाटात वाचत असाल तर कृपा करून मिटून ठेवा आणि खिडकीतून लांबच्या डोंगराकडे बघा.