नाकाचा खुराक

नाकाला समाजात मोठा मान. ते वर करून चालायचं असतं, दुसऱ्याच्या संसारात खुपसायचं असतं आणि चारचौघांत कापलं जाऊ नये म्हणून कर्ज काढून लग्नं करायची असतात. एवढ्या व्यापात ते दिवसभर नेमकं करतं काय, याची चौकशी आपण सर्दी झाल्यावरच करतो.

ते दिवसाला दहाएक हजार लिटर हवा गाळतं, ओलावतं आणि कोमट करून फुप्फुसांकडे पाठवतं. आतल्या अस्तरावरचे सूक्ष्म केस सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात आणि धूळ, जंतू अडकलेला शेंबूड घशाकडे ढकलत राहतात. तो आपण मुकाट्याने गिळतो. सोवळ्यातली माणसंसुद्धा!

या कारखान्याचा खुराक मात्र फोडणीतल्या हिंगाइतका. सबंध शरीरात जस्त असतं दोन-तीन ग्रॅम. अस्तराच्या पेशी सतत झडतात. नव्या घडवायला आणि त्यांच्यातले सांधे घट्ट ठेवायला हे जस्त लागतं. श्वासनलिका ताणून पुन्हा जागेवर यावी म्हणून इलास्टिनचे धागे एकमेकांत गुंफणारं एंझाइम तांब्यावाचून चालत नाही. सेलेनियम तर मिलिग्रॅमांतच मोजायचं, पण पेशींना आतून जाळणाऱ्या पेरॉक्साइडांचा निकाल लावणारी काही एंझाइमं त्याच्यावरच उभी असतात.

थोडक्यात भागतं, हे माणसाला पटत नाही. चिमूटभराने गुण येतो म्हटलं की त्याला ओंजळभर हवं असतं, आणि तेही थेट जागेवर. १९३७ साली कॅनडात टोरांटोला पोलिओची साथ आली. विषाणू नाकावाटे शिरतो अशी तेव्हाची समजूत, म्हणून सुमारे ५,००० मुलांच्या नाकात झिंक सल्फेट फवारलं गेलं. पोलिओ काही अडला नाही. काही मुलांचा वास मात्र गेला. एवढ्यावर धडा संपायला हवा होता. पण पुढे अमेरिकेत सर्दीवर नाकात घालायची जस्ताची जेल निघाली. वास गेल्याच्या शंभरावर तक्रारी आल्या, तेव्हा २००९मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने ती वापरू नका म्हणून लोकांना बजावलं. ज्याच्यावर नाक जगतं, तेच नाकात ओतलं की वास घेणाऱ्या पेशी मरतात.

मग गोळ्या? जस्ताच्या गोळ्या मनाने आणि महिनोन् महिने घेतल्या तर आतड्यात तांब्याची वाट अडते. एकाचं भलं करताना दुसऱ्याचा घास जातो.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२०मध्ये प्रौढ पुरुषासाठी रोजचं जस्त १७ मिलिग्रॅम सांगितलं. आकडा बराच चढा, कारण आपल्या पोळी-डाळीतलं फायटेट जस्ताला धरून ठेवतं. त्यावरचा तोडगा स्वयंपाकघरात कधीचाच आहे. मटकीला मोड आणले, आंबोळीचं पीठ आंबवलं की फायटेट कमी होतं आणि जस्त मोकळं होतं. तीळ, शेंगदाणे, अंडी, मासे-मटण यांतून उरलेली बेगमी होते. डॉक्टरांनी तपासून कमतरता सांगितली तर गोळी घ्यावीच, पण त्यांनी सांगितली तेवढीच आणि तेवढेच दिवस.

एरवी खुराक तोंडानेच घ्यावा. नाकात हवेखेरीज काही घालू नये; फार तर दुसऱ्याच्या कारभारात ते खुपसावं, त्याने वास जात नाही.