दोन चांदण्या

ऑक्टोबरात रिसोडच्या एका अडतीवर सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी लागली होती. तिथल्या पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदाचा, प्रोग्रॅम मी रूबी या भाषेत लिहिलेला. रूबीला देवनागरी नावं चालतात, म्हणून मेथडची नावंही सोयाबीन_कपात, तूर_कपात, हरभरा_कपात अशीच. आलेल्या पिकाच्या नावाला ‘_कपात’ जोडायचं, पब्लिक_सेंडने त्या नावाची मेथड बोलवायची आणि मालाची माहिती हॅशमध्ये, म्हणजे नाव-किंमत जोड्यांच्या गाठोड्यात, बांधून द्यायची. तीन हंगाम हे सुरळीत चाललं. यंदा कॉम्प्युटर बदलला, त्यासोबत रूबीही नवी आली.

हमालाने एका पोत्यातला दाणा दाताखाली धरला. तो फुटला नाही, चेपला. “भाऊ, हे तं ओलं हाय.” ओलावा यंत्रावर १६ टक्के होता. पट्टीवर १२, आणि कपात शून्य.

जुनी रूबी हॅशचं गाठोडं स्वतः सोडायची आणि ‘ओलावा’ त्या नावाच्या जागी नेऊन ठेवायची. ३.० या आवृत्तीपासून ती गाठोड्याला हात लावत नाही. सोडायचं असेल तर हॅशच्या आधी दोन चांदण्या (**) द्याव्या लागतात. माझ्या मेथडमध्ये पहिली जागा ऐच्छिक होती. अख्खं गाठोडं तिथे जाऊन बसलं आणि ओलावा आपल्या ठरीव १२ वर राहिला. ओलावा सक्तीचा ठेवला असता, तर प्रोग्रॅम तिथेच अडला असता. अडलेलं परवडतं.

हा बदल मला मान्य आहे. जुन्या पद्धतीत संदिग्धता फार होती. राग आहे तो सूचनेवर. डिसेंबर २०१९च्या २.७ने हे बंद होणार म्हणून सांगायला सुरुवात केली आणि २.७.२पासून तीच सूचना मुळात बंद करून ठेवली. मागितली तरच दिसायची. मी २.७.२वरच होतो. जे ठाऊकच नाही ते मागणार कसं? त्यातून मेथडचं नाव चालता चालता जोडलेलं. सोयाबीन_कपात कुठून बोलावली जाते हे शोधायला गेलं, तर अख्ख्या प्रोग्रॅममध्ये एकही ओळ सापडत नाही.

चांदण्या दिल्या, प्रत्येक पिकाची पट्टी हाताने ताडून पाहिली. पण सकाळची एक पट्टी शेतकऱ्याच्या हातात गेलेली होती. ती परत मागितली, कपात लावून दुसरी दिली. त्याने दोन्ही कागद शेजारी धरले.

“मघाशी तं शून्य होती ना, भाऊ?”