बचावलेल्यांचा रकाना

पुणे महानगरपालिकेने 2016 साली पादचारी धोरण आणि पुढील वर्षी सायकल आराखडा मंजूर केल्यामुळे या शहरात पायी वा सायकलीवरून हिंडणाऱ्या मनुष्यास कागदोपत्री काहीही न्यून राहिलेले नाही. असे असता काही उपद्व्यापी नागरिक मोबाइल हाती घेऊन, कोणता पदपथ कोठे विजेच्या डीपीला धडकून संपतो आणि कोणत्या सायकलमार्गावर मोटारी विसावतात, याचे लोकनकाशे तयार करू लागले आहेत, ही गोष्ट खेदकारक होय.

या खुळाचे मूळ विलायतेत आहे. 2004 साली तेथे ओपनस्ट्रीटमॅप सुरू झाला आणि मोजणीखात्याची सनद नसलेल्या कोणाही इसमास रस्ता, पदपथ, फार काय, पदपथाच्या कडेची उंचीसुद्धा नोंदविण्याची मुभा मिळाली. कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तर 2014 मध्ये बाइकमॅप्स काढून मर्यादाच ओलांडली: तेथे सायकलस्वार झालेल्या अपघातांबरोबर थोडक्यात टळलेले अपघातही नोंदवितात.

आता, टळलेला अपघात दफ्तरी दाखल कसा करावा? पंचनाम्यास मयत लागतो, निदान जखमी. बसच्या चाकापासून वीतभर अंतरावर सावरलेली, पिशवीतली भाजी रस्त्यावर सांडलेली आणि घरी येऊन 'आज वाचले बाई' एवढेच बोलणारी आजी कोणत्या रकान्यात घालावी? तिच्यापाशी ना वैद्यकीय दाखला, ना प्रथमखबर. अशा पन्नास आजी एकाच चौकात सावरल्याचे ठिपक्यांच्या दाटीवरून उघड झाले, तर एकावन्नावीच्या आधी तेथे काही करणे भाग पडेल, आणि मयत नसता खर्च केल्याबद्दल लेखापरीक्षकाचा शेरा येईल तो निराळाच.

पहाटे सायकलीवरून कामावर जाणारा, साधा फोन बाळगणारा मजूर या नकाशात ठिपक्याच्या रूपानेही येत नाही, हा आक्षेप मात्र मला मनापासून पटतो. पण तो कोणा अधिकाऱ्याने घेतल्याचे ऐकिवात नाही.

2022 साली देशातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली, त्यांत 32,000 हून अधिक पादचारी होते. हे आकडे खुद्द केंद्र सरकारने प्रसिद्ध केले असल्याने दफ्तराच्या दक्षतेविषयी कोणी शंका घेऊ नये. सबब वाचकांस विनंती एवढीच, की चौक ओलांडून सुखरूप घरी पोचलात तर आपला ठिपका आपणच नकाशावर मांडावा. न पोचलात तर ती नोंद सरकार करील.