ऐंशीच्या आत

डोंबिवली स्थानकाच्या फलाटावर सकाळी आठच्या सुमारास जो जनसमुदाय उभा असतो, त्यातील कोणी वर टांगलेल्या इंडिकेटरकडे रसिकतेने पाहत असेल, अशी कल्पना आमच्या इमारतीतील वर्णनशास्त्र्यांचा परिचय होईपर्यंत माझ्या मनाला कधी शिवली नव्हती. कल्याणचा 'क', जलद की धीमी याची खूण, डबे 12 की 15, आणि गाडी येण्याची वेळ, एवढा मजकूर वाचून सामान्य माणूस एक तर पुढे सरसावतो किंवा जागच्या जागी सुस्कारा सोडतो; वर्णनशास्त्री मात्र गाभाऱ्यासमोर उभे राहावे तसे तिथे उभे राहतात. "एकही विशेषण नाही, पाहिलेत? 'मनोहारी गाडी', 'अविस्मरणीय प्रवास', असे कुठे काही म्हटले आहे? तरी कोणी चुकीच्या गाडीत चढत नाही." एवढे बोलून होईपर्यंत बरोबर गाडी निघून गेलेली असते, आणि तिच्यात आम्ही चढलेलो नसतो.

हे गृहस्थ ठाण्याच्या एका सरकारी दफ्तरातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. दस्तऐवजाची चतुःसीमा, म्हणजे पूर्वेस अमुकाची जमीन, पश्चिमेस नाला, दक्षिणेस पायवाट आणि उत्तरेस सरकारी रस्ता, ही त्यांच्या मते मराठी गद्याची परमावधी असून, तिच्यापुढे आमच्या साऱ्या ललित वाङ्मयाला ते 'बिनशेती मजकूर' म्हणतात. निवृत्तीनंतर अशा माणसाने इमारतीच्या सूचनाफलकावर राज्य करावे, हेच स्वाभाविक होते, आणि काही काळ त्यांनी ते केलेही. 'उद्या पाणी येणार नाही' ही चिटणिसांची सूचना कोणत्या दिवशी लिहिली हे न कळल्यामुळे आम्ही सलग चार दिवस बादल्या भरून ठेवल्या होत्या. ती अनवस्था त्यांनीच संपविली. परंतु एका इमारतीत सूचना लागून लागून किती लागणार? त्यांच्या प्रतिभेला रिकामपण जाणवू लागले, आणि नेमक्या त्याच सुमारास त्यांचा संगणक-अभियंता पुतण्या त्यांच्या टेबलावर एक जुना संगणक ठेवून गेला, ज्यात 'डेबियन' नावाची प्रणाली होती.

वाचकांस खुलासा असा की, 1993 साली सुरू झालेली ही प्रणाली मुक्तस्रोत आहे. म्हणजे तिचा वापर, नक्कल, फेरफार आणि वाटप यांस कोणाची हरकत नाही. तिच्यात हजारो आज्ञावल्या 'पॅकेज' या नावाच्या गाठोड्यांत बांधून ठेवलेल्या असतात, आणि प्रत्येक गाठोड्यावर आत काय आहे हे सांगणारे वर्णन असते: वर एक ओळ, खाली सविस्तर परिच्छेद. ह्या वर्णनाचेही लेखी नियम आहेत, हे कळले त्या रात्री वर्णनशास्त्र्यांना झोप आली नाही. वरची ओळ ऐंशी चिन्हांच्या आत असावी. तीत पॅकेजचे नाव पुन्हा लिहू नये. ते पूर्ण वाक्य नसावे, तर नावापुढे जोडता येईल असे पद असावे. आणि खालच्या मजकुरात दोन परिच्छेदांमध्ये कोरी ओळ सोडायची झाल्यास ती खरोखर कोरी न सोडता, एक मोकळी जागा टाकून तिच्यापुढे एक टिंब द्यावे! "कोऱ्या ओळीचीसुद्धा नोंद," ते सद्गदित होऊन म्हणाले, "असे दफ्तर आम्ही आयुष्यभर मागत होतो."

सर्व पॅकेजांमधून त्यांनी खेळांचीच निवड का केली, हे मला बरेच दिवस उमगले नव्हते, कारण खेळाची त्यांना मुळीच आवड नाही. बुद्धिबळाचा पट ते केवळ चौसष्ट घरांच्या मिळकतीच्या दृष्टीने पाहतात. पुढे त्यांनीच उलगडा केला: "छपाईयंत्राच्या आज्ञावलीचे वर्णन वाईट असले तरी ज्याला छापायचे आहे तो शोधून काढतो. खेळ कोणाला नडलेला नसतो. तेथे वर्णन फसले की गिऱ्हाईक गेले." ह्या विधानात तथ्य आहे. 'वेस्नॉथ' म्हटल्यावर षट्कोनी घरांच्या नकाशावर आळीपाळीने लढायचे युद्ध आहे, हे कोण्या डोंबिवलीकराने कसे ओळखावे? आणि 'पिंगस', 'सुपरटक्स', 'फ्रोझन बबल' ह्या तिन्हींत पेंग्विन आहेत हे सांगून तरी काय साधते? 1996 पासून लिनक्सचे बोधचिन्हच पेंग्विन असल्यामुळे तेथे त्या पक्ष्यांची इतकी गर्दी आहे की, 'पेंग्विन असलेला खेळ' हे वर्णन वर्णनशास्त्र्यांच्या मते 'दाराला कडी असलेले घर' ह्याच मोलाचे होय. "पेंग्विन पाहायचेच असतील तर माणूस भायखळ्याला राणीच्या बागेत जाईल," असे ते म्हणतात.

परंतु त्यांचा खरा संताप राखून ठेवलेला आहे तो 'अमुकासारखा खेळ' ह्या शब्दप्रयोगासाठी. अनेक मुक्त खेळ जुन्या, विकत मिळणाऱ्या खेळांवरून स्फुरलेले असतात. डेन्मार्कमधील विद्यार्थ्यांनी 1995 साली आरंभिलेला 'फ्रीसिव्ह' हा 'सिव्हिलायझेशन'वरून आला, हे त्याचे नावच सांगते. 1987 सालच्या 'नेटहॅक'चे कुलनाव तर 'रोगलाइक', म्हणजे 'रोग' नावाच्या 1980 सालच्या खेळासारखा. आता ज्याने 'रोग' पाहिलेला नाही, त्याला यातून बोध काय होणार? हे ऐकताना मला डोंबिवलीतील पत्ते आठवतात. 'बंद पडलेल्या टॉकीजच्या मागे, जिथे पूर्वी पिठाची गिरणी होती त्या गल्लीत' असा पत्ता सांगणारा मनुष्य तुम्हाला फसवत नसतो. टॉकीज आणि गिरणी त्याला अद्याप स्पष्ट दिसत असतात, एवढेच. वर्णनशास्त्री म्हणतात, "तळघरातून तळघरात उतरत एक ताईत शोधून वर आणायचा, वाटेत मेलात तर आरंभापासून, असे लिहा ना! कोणाच्या आजोबांचे नाव कशाला सांगता?"

ही वर्णने इतर भाषांत आणण्याचा एक उपक्रम डेबियनमध्ये आहे, हे कळल्यावर त्यांनी मराठीचा संसार मांडला, आणि तेथे त्यांची गाठ ऐंशीच्या खऱ्या स्वरूपाशी पडली. 'क्षत्रिय' ह्या शब्दात अक्षरे किती? तुम्ही-आम्ही तीन म्हणू. संगणक मात्र क, हलन्त, ष, त, पुन्हा हलन्त, र, ऱ्हस्व वेलांटी आणि य अशी आठ चिन्हे मोजतो. हा जमाखर्च पाहून वर्णनशास्त्र्यांनी प्रथम निषेध नोंदविला, नंतर जोडाक्षरांवर काटकसरीचा अंमल सुरू केला. 'स्पर्धा' जाऊन 'शर्यत' आली, 'व्यूहरचना' जाऊन 'डावपेच' आले, आणि माझी अशी प्रामाणिक समजूत आहे की, मराठी शुद्ध करण्याचे जे कार्य मोठमोठ्या व्यासपीठांवरून साधले नाही, ते ह्या एका हिशेबाने त्यांच्या वहीपुरते साधले.

ह्या व्यासंगाचा उपद्रव घरात झालाच. पुतण्यासाठी स्थळे पाहण्याचे ठरले, तेव्हा परिचयपत्र लिहिण्याची कामगिरी काकांनी आपण होऊन शिरावर घेतली. डेबियनच्या पॅकेजला कशावाचून चालत नाही, कशाची शिफारस आहे आणि कशाशी विरोध आहे, ह्यांचे स्वतंत्र रकाने असतात. त्या धर्तीवर 'अवलंबन: आई, शिफारस: खिडकीची जागा, विरोध: धाकटी आत्या' असा मसुदा तयार झाला. पुतण्या म्हणाला, "काका, ह्यात खोटे काहीच नाही, म्हणूनच हे पाठवू नका."

आता ज्या प्रकरणासाठी हा लेखप्रपंच केला, ते सांगतो. 'पायसॉल' नावाचा एक संग्रह आहे. त्यात पत्त्यांचे हजारांहून अधिक डाव आहेत आणि गंजिफांचे, आठ रंगांच्या तशाच दहा रंगांच्या, डावही आहेत. दहा रंगांची म्हणजे दशावतारी गंजिफा: प्रत्येक अवताराची बारा पाने, राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी एकूण 120. ही गोल पाने सावंतवाडीचे चितारी रंगवीत आले असून, ती कला लोप पावत असता तेथील भोसले राजघराण्याने तिला हात दिला. आणि आमच्या तळमजल्यावर सावंतवाडीच्याच एक आजी राहतात, ज्यांनी लहानपणी ही पाने हाताळली आहेत. एवढा योग जुळून आल्यावर वर्णनशास्त्र्यांना राहवेना. त्यांनी नवीन ओळ लिहिली: 'एकट्याने खेळायचे हजारांहून अधिक पत्त्यांचे डाव, सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफासकट'.

मोजली. बरोबर 80. नियम ऐंशीच्या आत राहण्याचा.

एक चिन्ह काढण्यासाठी ते दोन दिवस अस्वस्थ होते. 'सावंतवाडीच्या' हा शब्द गाळावा, तर तळमजल्याशी असलेल्या संबंधांचा प्रश्न. वास्तविक ती पाने सावंतवाडीची आहेत असे त्या खेळात कोणीच म्हटलेले नव्हते, पण विशेषणाचा हा जन्मवैरी शेजारधर्मापुढे नमला. अखेरीस 'एकट्याने खेळायचे' हे दोन शब्द उघड आहेत, सबब अनावश्यक आहेत, असा निवाडा देऊन त्यांनी ते कमी केले, आणि संगणक उचलून आजींकडे गेले. मी साक्षीदार होतो. आजींनी ओळ वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, सावंतवाडीपाशी त्यांचा चेहरा उजळला. मग पडद्यावर पाने मांडली गेली, आणि त्या बराच वेळ दाराकडे पाहत राहिल्या.

"अरे मेल्या," त्या म्हणाल्या, "गंजिफा तिघांनी खेळतत. बाकीचे दोघे खंय?"

वर्णनशास्त्री काही न बोलता वर आले. त्या रात्री त्यांनी सावंतवाडी खोडली आणि 'एकट्याने खेळायचे' पूर्ववत आरंभी घातले. ओळ आता 66 चिन्हांची आहे. गुरुवारी दुपारी आजींकडे बैठक असते, खऱ्या पानांची. तिसरा गडी मी.