गणिताचा उतारा किती?

शैक्षणिक कर्जाच्या अर्जात एक रकाना असतो : शिक्षण पूर्ण झाल्यानंतरचे अपेक्षित मासिक उत्पन्न. नर्सिंगवाली तिथं आकडा लिहून मोकळी होते, संगणकवाला जरा मोठा लिहितो, हॉटेल मॅनेजमेंटवाला तर थेट दुबईचा भाव टाकतो. एमएस्सी गणिताला निघालेला मुलगा मात्र तिथंच अडतो. पेन झटकतो आणि बापाकडं बघतो.

बाप इंदापूर तालुक्यातला, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस काढणारा. अंदाज बांधणं त्याला नवीन नाही. आडसाली ऊस वर्ष-दीड वर्ष रानात उभा राहतो, साखरेचा उतारा सव्वादहा टक्के धरला तर 2025-26 च्या हंगामाला टनामागे 3,550 रुपये एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. हा हिशेब तो बांधावर उभ्या उभ्या करतो. म्हणून बँकेतल्या साहेबांना सरळ विचारतो, "साहेब, गणिताचा उतारा किती धरायचा?"

साहेबांच्या संगणकात तशी सोय नाही.

साहेब तसे सज्जन असतात. "इंजिनिअरिंगला घाला ना पोराला, लगेच करून देतो," म्हणतात. 4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही असा नियम आहे, तरी सातबारा आणायला सांगतात, सवयीनं. व्याज अनुदानाचं विचारलं तर केंद्राची 2009 ची योजना तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, असं उत्तर मिळतं. गणित तांत्रिक नाही. तंत्रज्ञानाचा आणि गणिताचा संबंध काय?

संबंध दुसऱ्या वर्षी कळतो. ज्याचं इंजिनिअरिंगचं कर्ज लगेच मंजूर झालं, ते पोरगं एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्याच तिसऱ्या पेपरात, गचकतं. लाप्लास डोक्यावरून गेलेला असतो, फूरिए खिडकीतून. वर्ष वाया जाऊ नये म्हणून ते बारामतीत क्लास शोधतं, आणि क्लासात शिकवायला कोण उभं असतं? ज्याच्या अर्जावर साहेबांनी तोंड वाकडं केलं होतं तोच एमएस्सीवाला. म्हणजे साहेबांनी दिलेलं कर्ज बुडू नये म्हणून, साहेबांनी ज्याला कर्ज दिलं नाही तो माणूस भिगवण रोडला पत्र्याच्या खोलीत रात्री नऊपर्यंत फळा पुसत असतो. खरं तर त्याला वसुली अधिकाऱ्याचा दर्जा द्यायला हवा. गाडी द्यावी, भत्ता द्यावा, दिवाळीला शाखेत बोलावून शाल-श्रीफळ द्यावं. ते जमत नसेल तर निदान खडूचा खर्च द्यावा.

समजा, कर्ज मिळालं. 3 लाख, साडेदहा टक्के, सगळी रक्कम पहिल्याच दिवशी उचलली. एमएस्सीची 2 वर्षं आणि सवलतीचं 1 वर्ष हप्ता नाही, नुसतं सरळ व्याज साठतं : 94,500 रुपये. देणं झालं 3,94,500. ते 7 वर्षांत फेडायचं तर हप्ता 6,650 च्या घरात. पण मास्तर व्हायला बीएड लागतं, ते 2 वर्षांचं. म्हणजे पोरगं बीएडच्या दुसऱ्या वर्षाला पाठाची टाचणं काढत असताना पहिला हप्ता दारात. पुढं परीक्षा, भरती निघालीच तर भरती, आणि मग कनिष्ठ महाविद्यालयात 3 वर्षं शिक्षण सेवक, मानधन 20,000. 2023 च्या आधी ते 9,000 होतं. तेव्हा हा हप्ता भरून महिन्याला 2,350 रुपये उरले असते, त्यात खोलीभाडं, मेस आणि राष्ट्रउभारणी.

बाराव्या शतकातल्या 'लीलावती'त व्याजाचं एक उदाहरण आहे : शेकडा दरमहा 5 असेल तर 16 चं वर्षाचं व्याज किती? उत्तर नऊ पूर्णांक तीन पंचमांश. वर्षाला साठ टक्के! तेव्हा गणिती सावकाराचं व्याज मोजून द्यायचा. आता स्वतःचं मोजतो.

उसाचं बरं आहे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर 15 टक्के व्याज. तेही थकतंच, रस्त्यावर उतरावं लागतं. पण बोट ठेवायला कागद तरी आहे. डिग्री कॉलेजात तासिका तत्त्वावर कलनशास्त्र शिकवणाऱ्यानं कशावर बोट ठेवायचं? शिकवलं तर तासाचे पैसे, सुट्टी लागली की शून्य, आणि मानधनाचं बिल या टेबलावरून त्या टेबलावर. पावसाळा जातो, दिवाळी जाते, ऊस तुटून जातो, बिल जागेवर. मंजूर पदं वर्षानुवर्षं रिकामी ठेवायची, पोरांकडून तासावर काम करून घ्यायचं, आणि वर त्यांनाच विचारायचं, बाबा, तुझं अपेक्षित उत्पन्न किती? लाज वाटायला हवी. गणित परवडत नाही म्हणे! गणिताला कुणी नीट पैसे दिले आहेत का कधी, की ते परवडलं नाही असं म्हणावं?

तेव्हा एकच विनंती. तो रकाना अर्जात राहू द्या, फक्त भरायला पोराकडं देऊ नका. ज्यांना वर्गावर गणिताचा मास्तर हवा आहे आणि पद भरायचं नाही, त्यांनीच तो आपल्या अक्षरात भरावा, खाली सही-शिक्का मारावा आणि पगाराची तारीखही लिहावी.